कुरुंद्याची येसर आमटी

हिंगोलीला गाडीतून उतरले ती सुशीला खायचीच असं ठरवून. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना पोह्यांसारखी फोडणी देऊन केलेला तिकडचा नाश्ता. तिच्याविषयी मला सांगितलं होतं सुनीतानं. ती कुरुंद्याची. चिपळूणजवळच्या आमच्या शाळेत नऊ वर्षं माझ्याबरोबर शिकवत होती, मग बदली घेऊन गावी परतली. 'मी येतेय आणि फक्त तुमच्याकडचंच खाणार,' असं तिला फोनवर बजावलं होतं. ती नुसती हसली होती.

स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीला मागितली.

"हाय की," मालक म्हणाला, "पण तुमी बाहेरून आलात. तुमाला काहून मुरमुरे? इडली घ्या, गरम हाय."

मी दोनदा नको म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि इडली आणून ठेवली. सांबार गोड होतं.

आखाडा बाळापूरला बस बदलायची होती. बाजाराचा दिवस, रस्ता ट्रॅक्टरांनी तुंबलेला. खानावळीत भाकरी आणि भुरका (लसूण-शेंगदाणे घालून तेलात परतलेली तिखट चटणी) मागितला, तर खानावळवाल्या बाई ओशाळल्याच. "भुरका आमी घरी खातो, मॅडम. पाव्हण्याला पनीर देतो." मी हट्टाला पेटले, त्याही पेटल्या. आमची हुज्जत चालू असतानाच कुरुंद्याची बस निघून गेली. पुढची दीड तासानं. शेवटी पनीरच खाल्लं.

कुरुंद्यात पोचेपर्यंत दुपार कलली होती. शिजवलेली हळद जागोजागी वाळत पडली होती, कपड्यांनाही तिचा वास लागत होता. सुनीता दारातच उभी होती. हातपाय धुतले, पाटावर बसले आणि ताट पुढं आलं. भात, कुळथाची पिठी, सोलकढी. सोलकढी तर मीच पाठवलेल्या आमसुलांची!

माझा संयम संपला. "सुनीता, एवढा प्रवास करून मी पिठी खायला आले का गं? येसर येसर म्हणायचीस, ती कुठंय?"

तिचं हसू मावळलं. पदराला हात पुसत ती समोर बसली.

"ताई, येसरची आमटी मी आणली व्हती तिकडं. पहिल्याच वर्षी, डब्यात. झाकण उघडलं अन् तुमी नाकाला पदर लावला. म्हणलात, हे काळं पाणी इथं उघडू नकोस. समद्या हसल्या. मंग मी तुमचंच शिकले."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

"आत्ता कर," मी म्हटलं.

"न्हाई आवडली तर?"

"तर तसं सांगेन. पण पूर्ण खाईन."

तिनं डबा काढला. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून एकत्र दळलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीत ओतलं, तशी मला शिंक आली. मी जागची हलले नाही.

पहिल्याच घोटाला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. सुनीता पाण्याचा तांब्या धरून माझ्याकडं बघत राहिली. पहिली वाटी मला आवडली नाही, आणि तसं मी तिला सांगितलं. दुसऱ्या वाटीत भाकरी कुस्करली, तेव्हा कुठं भाजलेल्या डाळीची चव लागली.

"बराबर," ती म्हणाली, "कुस्करूनच खायची असती. तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

मी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली.

परतीच्या गाडीत त्या हॉटेलवाल्यावर आणि खानावळीतल्या बाईंवर रागवायचं मी पुष्कळ मनात आणलं, पण जमेना. आपलं जेवण पाहुण्यापुढं ठेवायला माणसं उगाच लाजत नाहीत. त्यांच्या ताटाकडं बघून कुणीतरी कधीतरी नाक मुरडलेलं असतं.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, तिकडचं जेवण कसं होतं? "तिखट," एवढंच म्हटलं. बाकीचं सांगायचा मला अजून धीर झालेला नाही.