फुगा कोणी दाबायचा

माझी थोरली बहीण घटस्फोट मागायला कोर्टात उभी राहिली ती एका शब्दासाठी. लोक हसले. हसू देत. मी तिथेच बाकावर होते, मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

ताई आणि भाऊजींचा फोटो स्टुडिओ होता. तेव्हा कॅमेरा तीन पायांवर उभा असे. भाऊजी काळ्या कापडात डोकं घालून फोकस लावत आणि रबरी फुगा हातात धरून थांबत. तो दाबला की फोटो निघे. पण कधी दाबायचा ते ताई ठरवायची. गिऱ्हाईक स्टुलावर बसवायचं, कॉलर सरळ करायची, इकडचं तिकडचं बोलून चेहरा सैल करायचा आणि नेमक्या क्षणी हात वर करायचा. लग्न झाल्यापासून असंच चाललेलं.

मग पेपरचा एक बातमीदार आला. "तुमच्या फोटोंतली माणसं इतकी जिवंत कशी?"

भाऊजी म्हणाले, "नजर असावी लागते हो त्याला. बायको असते हाताशी."

तेच छापून आलं.

"हाताशी?" ताई म्हणाली. "मी काय काठी आहे?"

"अगं, बोलायची पद्धत असते."

"मग पुन्हा बोला. नीट बोला."

भाऊजींनी काळ्या कापडात डोकं घातलं. ताई पेटी भरून माझ्याकडे आली आणि थेट अर्ज केला.

जजसाहेबांनी विचारलं, "मारहाण करतात?"

"करून तर बघावी."

"दारू?"

"चहासुद्धा बेताचा."

"मग बाई, तक्रार काय?"

तिनं मान ताठ ठेवून सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळ चोळलं आणि पुढची तारीख दिली.

मी रोज देवापुढे दोघांसाठी हात जोडायचे. ताईनं ते पाहिलंच. "त्याला मध्ये घालू नकोस. हे मी आणि ते बघून घेऊ."

एका दुपारी भाऊजी दारात. काखेत फोटोंचं पाकीट, दाढी वाढलेली.

"मेहुणीबाई, ही आहे का घरात?"

आतून आवाज आला, "'ही' नाही. फोटोग्राफर आहेत. भेटायचंय का?"

ताई बाहेर आली, तसे त्यांनी फोटो पुढे केले. नवी नवरी दात उपटायला बसल्यासारखी, नवरा तिला धरून आणल्यासारखा.

"लवकर दाबलात," ताई म्हणाली.

"कधी दाबायचं ते कळेना."

"ते कळणं म्हणजेच फोटो काढणं. एवढंच चारचौघांत म्हणा."

"लोक काय म्हणतील मला?"

"खरं बोलला म्हणतील. सवय होईल."

ते पाकीट उचलून गेले. मला वाटलं, संपलं आता. ताईला मात्र तसूभरही फरक पडला नाही. भाकऱ्या थापायला बसली, जरा जोरातच.

पुढच्या तारखेला भाऊजी न विचारताच उभे राहिले. कान लाल झालेले. "साहेब, फोटो माझी बायको काढते. मी नुसता फुगा दाबतो."

ताई ताडकन उठली. "खोटं! यांच्यासारखा फोकस कुणाला जमत नाही!"

"बाई," जजसाहेब म्हणाले, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं?"

"खऱ्याच्या," ताई म्हणाली.

ती घरी गेली, पण कापडाखाली आता तिचं डोकं आणि फुगा तिच्या हातात. लोकांना बसवायचं काम भाऊजींकडे. मी विचारलं, "अर्ज मागे घेतलास ना?"

"राहू दे कोर्टात. कामाला कसे आहेत ते बघते आधी."

पुढच्याच महिन्यात आम्ही सगळे फोटोला गेलो. भाऊजींनी आम्हाला दाटीवाटीनं बसवलं आणि घाम पुसत एक विनोद सांगितला. ते स्वतःच हसले, बाकी कोणी नाही. काळ्या कापडातून ताईचं डोकं बाहेर आलं.

"अहो, पुन्हा सांगा. आणि शेवटी हसायचं असतं ते आम्ही, तुम्ही नाही."

आम्हाला हसू फुटलंच. तिनं फुगा दाबला.