मागच्या सीटमागची बॅटरी

चाकणहून मोशीला परतताना कुरुळीच्या पुढे डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला आणि गाडीतला जोरच गेला. मागे कंटेनरची रांग. कर्कश हॉर्न. कशीबशी गाडी डाव्या बाजूला घेतली आणि स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिले. मला गाडीची काळजी नव्हती, उद्याची होती.

त्याआधी दोन वर्षं स्कूटरवरून पडून माझ्या डाव्या गुडघ्याचा चुरा झाला होता. प्लेट घातली, चालायला लागले, पण क्लच दाबायची ताकद त्या पायात परत आली नाही. कंपनीतले एक साहेब परदेशी चालले होते, त्यांची जुनी जपानी हायब्रिड आम्ही घेतली. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर चालणारी. क्लचच नाही. त्या गाडीने मला माझी नोकरी परत दिली. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि चुकीचा असेल तर परत पाठवायचा, हे माझं काम.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मशीन लावून सांगितलं, "मॅडम, मोठी बॅटरी गेली. हे मॉडेल बंद झालंय. भंगारात काढा."

नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी दुसरी ऑटोमॅटिक बघू. तोवर कंपनीच्या बसने जा."

आठवडाभर गेले. बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याहून उंच. शनिवारी पाय एवढा सुजला की सलवार वर सरकेना. त्या दिवशी ठरवलं, ही बॅटरी मी उघडणार.

महिनाभर त्याबद्दल मिळेल ते वाचलं, पाहिलं. कळलं ते असं, की ती एक बॅटरी नसतेच. जाड वहीच्या आकाराची चौतीस मोड्यूल एका ओळीत जोडलेली असतात. त्यातली दोन-चार थकली की ती सगळ्यांना खाली ओढतात. एकेक मोड्यूल पूर्ण रिकामं करायचं, पुन्हा भरायचं, असं तीनदा केलं की बरीचशी सुधारतात. जी सुधारत नाहीत ती बदलायची. दोन नग खराब निघाले म्हणून अख्खा लॉट फेकायचा, हे माझ्या धंद्यातही मला कधी पटलं नव्हतं.

पण घरात परवानगी घ्यायची ती आबांची. माझे सासरे. जन्म मोशीतला, आणि सगळी नोकरी आकुर्डीच्या कारखान्यात मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन म्हणून झालेली. चार वर्षांपासून त्यांना कंपवात होता. हात थांबत नसत. घरातला साधा प्लग बदलायचा तरी आता बाहेरून माणूस यायचा, आणि तो आला की आबा उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

मी सांगितलं तसे ते एकदम म्हणाले, "न्हाई."

"आबा, मी नीट..."

"दोनशे व्होल्टच्या वर डीसी हाय ती. धरलं तर सोडत न्हाई. माझ्यासमोर गेलाय एक माणूस." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी त्यांच्यासमोर वही ठेवली. महिनाभरात लिहून काढलेलं सगळं त्यात होतं, कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर. दोन दिवस ती तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "ह्यात हातमोजे कुठं लिवलेत?"

"पहिल्याच पानावर आहेत, आबा."

"साधे न्हाईत चालायचे. लाइनमनचे आण. आन मी सांगितल्याबिगर कशालाच हात लावायचा न्हाई. व्हय म्हन."

"हो."

पहिली शिफ्ट करून मी रिक्षाने साडेतीनला घरी यायचे, जेवायचे, आणि चार ते साडेसहा आम्ही दोघं खालच्या पार्किंगमध्ये. आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी खाली सतरंजीवर, दुखरा पाय लांब करून. पहिल्या दिवशी त्यांनी मला बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र, सगळं काढायला लावलं. सासूबाई दारातून बघत होत्या. "अहो, मंगळसूत्र कशाला?" त्यांनी विचारलं.

"तारेवर लोंबलं तर गळ्यालाच चिकटंल," आबा म्हणाले. सासूबाईंनी पुढे होऊन हात केला आणि ते देवघरात नेऊन ठेवलं. त्यानंतर रोज चारला त्या स्वतःच येऊन मागायच्या.

नारिंगी प्लग ओढला की बॅटरीची जोडणी मधोमध तुटते. मग आत साठलेला करंट उतरेपर्यंत घड्याळ लावून दहा मिनिटं नुसतं बसायचं. ती दहा मिनिटं आबा बोलायचे. चार वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मग मी मोजे घालून मीटर लावायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. आबांचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. एकदा नट निसटला, तेव्हा त्यांचा हात झटकन पान्याकडे गेला, हवेत थरथरला, आणि त्यांनी तो मागे घेतला. मी काही पाहिलं नाही असं दाखवलं.

चौतीस मोड्यूल बाहेर काढली, पांढऱ्या रंगाने नंबर टाकले. फुगू नयेत म्हणून दोन फळ्यांमध्ये आवळून ठेवली. चार छोटे चार्जर आणले होते, एका चार्जरला एक मोड्यूल. एका मोड्यूलच्या एका फेरीला बराचसा दिवस जायचा. सासूबाई दुपारी नंबर बघून बदलायला शिकल्या. सर्वात महत्त्वाची परीक्षा शेवटी. प्रत्येक मोड्यूलला गाडीच्या दिव्याचा बल्ब दोन मिनिटं लावायचा आणि व्होल्ट किती पडतात ते बघायचं. नुसतं बसलेलं मोड्यूल सगळ्यांनाच चांगलं दिसतं. काम दिल्यावरच कळतं.

पाच आठवडे गेले. तीन मोड्यूल साफ गेलेली निघाली. कुदळवाडीकडच्या एका जुन्या स्पेअर पार्टवाल्या चाचांकडे अपघातातल्या गाडीची बॅटरी होती. त्यांनी आबांना आधी स्टूल दिलं आणि मला म्हणाले, "ताई, हवी तेवढी तपासा, घाई करू नका." सहा तपासून मी तीन निवडली.

शेवटच्या दुपारी मीच घाई केली. नऊ मोड्यूलची बल्बची परीक्षा राहिली होती. आबांना बरं नव्हतं, ते झोपले होते. दुसऱ्या दिवसापासून गाडी न्यायचीच असं माझ्या मनाने घेतलं होतं. मी नऊंना नुसतं मीटर लावलं, आकडे छान आले, आणि वहीत बल्बच्या रकान्यात नऊ वेळा 'ठीक' लिहिलं.

गाडी सुरू झाली. लाल त्रिकोण गेला. सासूबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. चार दिवस मी राणीसारखी चाकणला गेले. पाचव्या दिवशी भर दुपारी कामावरून परस्पर भोसरीला गेले, तर तिथल्या पुलाखाली त्रिकोण पुन्हा पेटला.

टो करून गाडी घरी आणली. नवऱ्याने इंटरनेटवर दुसऱ्या गाड्या बघायला सुरुवात केली. आबा खुर्ची घेऊन खाली आले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आबा, शेवटची नऊ मी बल्ब न लावताच लिहिली."

त्यांनी वही ओढून ते पान काढलं. "वहीत खोटं लिवलंस?"

"हो."

"मंग नवी वही घे. चौतीसच्या चौतीस पुन्यांदा."

"पण आबा, नऊच राहिलीत. बाकीची तुमच्यासमोर..."

"नऊ खोटी निघाली, तर बाकीच्या पंचवीसांवर म्या का भरवसा ठेवू?"

मला राग आला. खरं म्हणजे रडूच आलं. पाच आठवडे! पण माल पाठवणाऱ्यांना मी रोज हेच सांगते, अगदी ह्याच सुरात. त्यांच्या तोंडावर येतो तो भाव तेव्हा माझ्या तोंडावर असणार. मी वर गेले, शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलीच्या कपाटातून कोरी वही काढली, आणि खाली येऊन सासूबाईंच्या हातात मंगळसूत्र दिलं.

दुसऱ्या फेरीत मी एकही ओळ आबांना वाचून दाखवल्याशिवाय लिहिली नाही. ऑफ असेल त्या दिवशी सकाळपासून बसायचे. उन्हाने पार्किंग तापायचं, मोड्यूलही गरम व्हायची, म्हणून घरातला टेबलफॅन मोड्यूलवर आणि आम्ही घामाघूम. सत्ताविसावं मोड्यूल बल्ब लावताच सव्वा व्होल्टने कोसळलं. त्या नऊंपैकीच होतं. आबा नुसते म्हणाले, "गावलं." पण त्याशिवाय आणखी एक सापडलं, अकरावं, पहिल्या फेरीत खरोखर पास झालेलं. मी फक्त नऊच तपासली असती तर ते तसंच राहिलं असतं. चाचांकडून आणखी दोन आणली. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर आला होता, तो घासून काढला. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्यात केस आणि धूळ यांची गादीच झाली होती, तीही काढली. प्रत्येक नट किती आवळायचा ते मापाच्या पान्यावर बघून आवळला.

ह्यावेळी गाडी सुरू झाल्यावर कुणी हळदकुंकू आणलं नाही. आबा म्हणाले, "आठ दिवस चालव, मंग बोलू." आठ दिवस चालवली. मग महिना. आता दीड वर्ष होत आलं. दर तीन महिन्यांनी मी एक रविवार देऊन मीटर लावते. ही बॅटरी नवी नाही, कधीतरी जाणारच आहे, हे मला माहीत आहे. पण ती कधी गेली हे सर्व्हिस सेंटर नाही, मी ठरवणार.

मागच्या महिन्यात मारुंजीहून आयटीतला एक माणूस आला. त्याची गाडीही तसलीच, आणि चाचांनी त्याला आमचा पत्ता दिलेला. तो आबांसमोर वाकून म्हणाला, "काका, होईल का दुरुस्त?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. बोट थरथरत होतं, पण त्यांनी ते लपवलं नाही. "तिला इचारा. काम तिचं हाय."

मी म्हटलं, "दोन महिने लागतील. आणि मधे लवकर करा म्हणायचं नाही."

मग त्याने किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.