बेस्तरवारची सुपारी

भवानी पेठेतल्या श्रीमंता सोंगाड्याला भेटायचं असलं, तर आधी राजाबाईला भेटावं लागायचं. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली ही बाई उंबऱ्यात उभी असली की तिला ओलांडून मुंगीसुद्धा आत जायची नाही. ती श्रीमंताची बायको.

श्रीमंत हा नावाचाच श्रीमंत. दुधनीचा गडी, बाराव्या वर्षी तमाशाच्या फडात शिरला आणि चौऱ्याहत्तर साल उजाडेपर्यंत त्याच्या नुसत्या नावावर कनात भरायला लागली. बार्शीपासून अक्कलकोटपर्यंतची माणसं त्याचं तोंड बघितलं की हसायची. तो साधं रामराम म्हणाला तरी हसायची. मयताला गेला तर बायका पदराचा बोळा तोंडात कोंबायच्या, म्हणून बिचाऱ्यानं मयताला जायचंच सोडलं होतं.

एवढं नाव झालं की माणूस घरचा राहत नाही. शाळेच्या गॅदरिंगला श्रीमंत पाहिजे, तालमीचा नारळ फोडायला श्रीमंत पाहिजे, कुणाच्या बारशाला पाहिजे, कुणाच्या गणपतीला पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांपुढं त्यानं रात्री दगडांच्या ढिगावर उभं राहून फुकट खेळ केले होते. तेव्हापासून तर "पाच मिन्टं येऊन जावा की" म्हणणाऱ्यांची दारात रांगच लागली. आणि श्रीमंताच्या तोंडाला 'न्हाई' हा शब्द फुटायचा नाही. कुणाला न्हाई म्हणायचं आणि कुणाला व्हय, ते राजाबाईकडं होतं.

तमाशाच्या धंद्यात कागद नसतो. खेळ ठरला की ठरवणारा कुंकू लावलेली सुपारी हातावर ठेवतो. ती घेतली की शब्द गेला. मग अंगात ताप असू दे नाहीतर गाडीचं चाक मोडू दे, फड त्या दिवशी तिथं उभा राहिलाच पाहिजे. राजाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ती सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक. तिचा बाप दोनशे मेंढरं एका नजरेत मोजायचा. लेकीनं लग्नात आलेला पितळी मिसळणाचा डबा रिकामा केला. सात वाट्या, सात वार. त्या हप्त्यातल्या खेळाची सुपारी ज्या त्या वाराच्या वाटीत. पैशाच्या खेळाची असली तर तांबड्या चिंधीत बांधलेली. धर्माच्या, फुकटच्या खेळाची असली तर तशीच उघडी.

आणि तिचा एक नेम होता. हप्त्यातून एक तरी सुपारी उघडी पाहिजे. नसली, तर जेवायला वाढताना नवऱ्याला म्हणायची, "ह्या हप्त्यात आपण नुसतंच खाल्लं की वो."

श्रीमंत हातातला घास परत ताटात ठेवायचा.

तर त्या वर्षी उन्हाळ्यात काशम्मा आली. शहराच्या पूर्व भागातली, विडी वळणारी. मागावर काम करणाऱ्या नवऱ्याची बायको. कडेवर पोर, हातात सुपारी.

"अक्का," ती म्हणाली, "माझ्याकडं देयाला काय न्हाई. आमी दोनशे बायका कारखान्यात जातो. विड्याची तपासणी होतंय तोवर अंगणात बसतो. लेकरं आमच्या सुपापाशी, तंबाखूतच झोपतात. मागं एक खोली बंद पडलीय. पाळणे बांधतो म्हणलं, मालक दोन वर्षं बघू बघू बोलतो."

"मग सोंगाड्या काय करणार त्यात?"

"आमचा कारखान्याचा मालक तुमच्या मालकांचा लई शोकीन हाय, अक्का. आमी बोलावलं तर येत न्हाई. ते असले की खुर्ची टाकून पुढं बसतंय. मग सगळ्यांपुढं खोली मागायची. सगळ्यांपुढं न्हाई कसं बोलणार?"

राजाबाईनं काशम्माच्या कडेवरचं पोर बघितलं. सहा महिन्यांचं असेल. केसांत तंबाखूची पिवळी पूड. तिनं नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. हात पुढं केला.

"येत्या बेस्तरवारी रात्री. मी सांगते म्हंजी येतील."

आणि ती उघडी सुपारी गुरुवारच्या वाटीत पडली.

मंगळवारच्या बाजारातून राजाबाई परत आली, तेव्हा डब्याचं झाकण उघडं होतं. गुरुवारच्या वाटीत सुपारी होती, पण तांबड्या चिंधीत बांधलेली. राजाबाईच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

"आत्या," तिनं सासूला हाक मारली, "बेस्तरवारच्या वाटीतली सुपारी कुटं गेली?"

फुलाबाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीत छोटा खलबत्ता. तोंड हलत होतं.

"ती व्हय? उघडी पडली व्हती. मला वाटलं, हाय कुटली तर जास्तीची. कुटून खाल्ली."

"खाल्ली?"

"एन माडली बाई, काय करू? तोंडात एक दात न्हाई. सकाळधरनं कुटत बसलेय. लई चिवट निगाली."

तेवढ्यात श्रीमंत मागच्या दारानं आला. चेहरा असा फुललेला, की जणू राजाचा मुकुट मिळालाय.

"राजे, दुधनीची पंच मंडळी आली व्हती! आपल्या गावच्या जत्रंचा खेळ! बेस्तरवारी रातच्याला. तू नव्हतीस, पर मी बी तुझ्यासारकं केलं बघ. आधी वाटी बघितली. रिकामी व्हती. मग घेतली सुपारी."

"वाटी रिकामी तुमच्या आईनं केली."

सगळं ऐकल्यावर श्रीमंत खालीच बसला. "मग काशम्माला सांग की, पुढल्या हप्त्यात करू."

"कारखान्याचा मालक सुक्करवारी पहाटेच विडीच्या पानाच्या खरेदीला जबलपूरकडं निगालाय. दोन म्हैनं येत न्हाई. दोन म्हैनं लेकरांनी तंबाखू हुंगायची व्हय?"

"मग गावच्या देवाची सुपारी परत करू? माझ्या आईनं तितं तोंड कसं दावायचं?"

"त्या तोंडानंच केलंय समदं."

फुलाबाई म्हणाली, "मला कुणी बोलू नगा. घशात अडकलंय."

दोन्ही सुपाऱ्या खऱ्या होत्या. एक नवऱ्यानं घेतलेली, एक राजाबाईनं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता, स्वतःच्या शब्दावर घेतलेली. तीच बुडत होती.

बुधवारी ती काशम्माला सांगायला कारखान्यावर गेली. रस्ताभर वाक्य जुळवत गेली. अंगणात पाय ठेवला आणि वाक्य विसरली. लिंबाच्या झाडाखाली, भिंतीच्या कडंला, जिथं सावली मिळेल तिथं बायका बसलेल्या. समोर विड्यांची सुपं. चेकर ज्ञानू टेबलावर एकेक जुडी उलगडून बघतोय, पसंत नाही ती विडी मोडून बाजूला टाकतोय. लेकरं सुपांच्या मधून रांगतायत. काशम्मानं तिला सावलीत जागा करून दिली आणि शेजारणींना सांगायला लागली, "ह्या अक्का. ह्यांनीच शब्द दिलाय." बायका सरकून सरकून जवळ आल्या. एकीनं तर वाकून पायांनाही हात लावला.

आता ह्यांना काय सांगायचं? अकराच्या सुमाराला वरच्या सज्जात अण्णाराव मालक आला. पांढरं धोतर, हातात चहाची कपबशी. कठड्याला टेकून खाली बघत फुरके मारायला लागला.

"ह्यो रोज हितं उबा ऱ्हातो?" राजाबाईनं विचारलं.

"रोज. अकराला चहा."

"अन् तुमी रोज अशाच बसता?"

"एक वाजेपर्यंत. कुठं जाणार?"

राजाबाई उठली. पदर खोचला. "काशम्मा, उद्याचा खेळ रातचा न्हाई. सकाळी अकराला. हितंच."

गुरुवारी पहाटे श्रीमंत वैरागचा खेळ करून आला आणि घोंगडीवर आडवा झाला. साडेनवाला राजाबाईनं त्याच्या तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि अकराचा खेळ सांगितला.

"दिवसा?" तो डोळे चोळत ओरडला. "राजे, डोकं फिरलं का तुझं? दिवसा सोंगाड्या कुणी बघितलाय? बत्ती न्हाई, पडदा न्हाई. उन्हात माझ्या तोंडावरच्या सुरकुत्या मोजतील बायका!"

"मोजू द्या. तेवढंच हिशेब शिकतील."

"अगं, फड समदा सामान घेऊन ठेसनावर गेलाय. सोंगाची पेटी गेली. टोपी न्हाई, कोट न्हाई. एक ढोलकीवाला तेवढा मागं राहिलाय, त्यो बी झोपलाय."

"त्येला उठवलाय मगाशीच."

"अन् दुपारची गाडी चुकली तर?"

"टांगा सांगितलाय. कारखान्याच्या दारात उबा ऱ्हाईल."

श्रीमंतानं तिच्याकडं बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि आज मागत होती तेही दुसऱ्याच्या लेकरांसाठी. तो उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, "तुझं एक जुनं लुगडं दे."

अकरा वाजता अण्णाराव मालक सज्जात आला, तर खाली रांगेत एक नवीनच बाई. आडदांड, मिशा पदराखाली दडवलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत वर आलेलं. बगलेत एक गाठोडं. ढोलकीवर थाप पडली आणि ती बाई ठुमकत ज्ञानूच्या टेबलापाशी गेली.

"अवो चेकर भावजी, मला बी कामावर घ्या की! माझं मालक तमाशात असत्यात, म्हंजी बिनकामाचंच."

अंगणात हशाचा स्फोट झाला. राजाबाईनं पदर तोंडावर घेतला. अण्णारावाच्या हातातली कपबशी खडखडली. "अरे, हा तर श्रीमंता!" तो ओरडला आणि धोतराचा सोगा धरून जिना उतरून धावत खाली आला. कुणीतरी त्याला खुर्ची दिली. पुढंच.

श्रीमंत गाठोडं मांडीत ठेवून सूप घेऊन बसला. पान कापलं ते वाकडं, तंबाखू भरली ती अर्धी सांडली, दोरा बांधताना स्वतःचंच बोट बांधलं. एवढी जाड विडी झाली की ज्ञानूनं हातात धरून विचारलं, "ही काय? लाटणं?"

"दोन मान्सं मिळून वढायची हाय, भावजी. नवरा-बायकूत भांडण नगं."

ज्ञानूला आयुष्यात पहिल्यांदा कामावर हसू आलं. त्यानं सवयीनं ती विडी मोडून टाकली, तशी श्रीमंतानं असा गळा काढला की लिंबावरचे कावळे उडाले. अण्णाराव डोळे पुसत होता. त्यानं खिशातून नोट काढून वर धरली. तमाशात खूश झालेला रसिक नोट धरतो आणि नट ती घेऊन त्याचं नाव पुकारतो, ही रीतच. ढोलकी थांबली.

श्रीमंत गाठोडं बगलेत, सूप हातात घेऊन लाजत मुरडत खुर्चीपाशी गेला. नोटेकडं बघितलं, हात मागं घेतला.

"मालक, आज कागुद नगं. आज आमचं दोन्ही हात भरल्यात बघा. एका हातात सूप, एका हातात प्वार. जरा धरता का?"

आणि बगलेतलं गाठोडं त्यानं अण्णारावाच्या मांडीत ठेवलं.

बायकांना वाटलं चिंध्यांचं बाहुलं असेल. राजाबाईलाही तसंच वाटलं. पण काशम्मा एकदम अर्धी उठली, तेव्हा राजाबाईला कळलं. ते काशम्माचं खरं लेकरू होतं, खेळाआधी श्रीमंतानं तिच्याकडून झोपलेलंच मागून घेतलेलं. झोपेतून जागं झालेलं. त्यानं मालकाकडं बघितलं, नाक आक्रसलं आणि शिंकलं. पुन्हा शिंकलं. थांबेचना. पाच, सहा, सात. एवढासा जीव, प्रत्येक शिंकेला पाय आखडून घ्यायचा. अण्णाराव त्याला खांद्यावर घेऊन थोपटायला गेला, तर लेकराच्या केसांतली पूड त्याच्या नाकात गेली आणि तोही शिंकायला लागला. वर काचेच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला कारखान्याची पूड माहीतच कुठं होती?

आधी बायका हसल्या. मग हळूहळू हसू थांबलं. अंगणात नुसत्या दोन शिंका ऐकू येत राहिल्या, एक बारकी, एक जाडी.

श्रीमंतानं पदर डोक्यावरून काढला. सोंगाचा आवाज टाकून आपल्या आवाजात म्हणाला, "मालक, तुमी घटकाभर धरलंय. ह्या रोज धरत्यात. मागची खोली द्या."

अण्णारावानं नाक पुसलं. दोनशे बायकांकडं बघितलं. मग लेकराकडं. ते आता दमून त्याच्या खांद्यावर पडलं होतं, मूठभर सदरा धरून.

"ज्ञानू," तो म्हणाला, "मागच्या खोलीची किल्ली आण." आणि लेकराला दुसऱ्या खांद्यावर घेत, "अन् माझ्या टेबलावरचा पंखा बी."

राजाबाईनं काशम्माचा हात इतका दाबला की बांगडी पिचली. दोघींच्याही ते ध्यानात आलं नाही.

टांगेवाला दारातनं बोंबलायला लागला. श्रीमंत लुगडं वर खोचून पळाला, लुगड्यातच टांग्यात चढला, आणि टांगा वळेपर्यंत रस्त्यावरच्या माणसांना नमस्कार करत गेला. गाडी त्याला मिळाली. दुधनीच्या जत्रेत मात्र त्यानं त्या रात्री त्याच लुगड्यात अख्खा खेळ काढला आणि गाव लोळून लोळून हसलं, असं फडाची माणसं पुढं सांगायची.

इकडं बायकांनी खोली उघडली. जाळी, धूळ, मोडका तराजू. राजाबाईनंच पहिली केरसुणी हातात घेतली. कुणी पाणी मारलं, कुणी आपली वाकळ अंथरली, कुणी आढ्याला दोर टाकून साडीची झोळी बांधली. पंखा भिंतीपाशी गरगरायला लागला. दुपार कलली तशी काशम्मा दारात आली, कपाळाचा घाम पुसत.

"अक्का, उद्घाटन मोठं करायचं. हार, नारळ, फोटो. तुमच्या मालकांना कोणता वार मोकळा हाय?"

राजाबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि आत दाखवलं. वाकळेवर तीन लेकरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. झोळीत चौथं.

"झालं की उद्घाटन," ती कुजबुजली. "हळू बोल. उठतील."