पट्ट्याचं न्हाणं

"करून तं पाहू," असं म्हणताना वहिनी मान जराशी तिरकी करत आणि आम्ही शेजारी आपापल्या वस्तू आत न्यायला लागत असू. कारण त्या खरोखरच करून पाहत. चांगला चालणारा स्टोव्ह आणखी चांगला चालावा म्हणून त्यांनी एकदा तो पुरता खोलला आणि त्या संध्याकाळी त्यांचं बिऱ्हाड आमच्याकडे पिठलं-भात जेवलं. जेवताना त्यांची नजर आमच्या स्टोव्हवर गेली, तेव्हा माझ्या बायकोनं तो आत नेऊन ठेवला. तुमच्याही मोहल्ल्यात असं एखादं माणूस असेलच. त्याच्यासमोर घड्याळ बंद पडल्याचं कुणी बोलत नाही.

नागपुरात आमची दोन बिऱ्हाडं एकाच अंगणात होती. वहिनींचे यजमान विजेच्या फिटिंगची कामं करत. त्या वर्षी ते शिडीवरून पडले आणि मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन खिडकीजवळच्या खाटेवर आले. घर चालावं म्हणून वहिनींनी बेशाच्या बालवाडीत नोकरी धरली. बेसा तेव्हा पार खेडं. बस मनात आलं तर येई आणि वहिनी पोचेपर्यंत पोरं प्रार्थना उरकून मारामारीला लागलेली असत. शेवटी बालवाडी चालवणाऱ्यांनी सांगून टाकलं की सोमवारपासून वेळेवर जमणार नसेल तर येऊ नका.

त्यातच यजमानांच्या थोरल्या भावाचा खाप्याहून निरोप आला. रविवारी येतो, बिऱ्हाड आवरून ठेवा, आता खाप्यालाच राहा. माणूस मायेचा होता, मनात काही वाकडं नव्हतं. पण खाप्याला जायचं म्हणजे नोकरी सोडायची आणि वहिनींचा त्या नोकरीवर जीव जडला होता. "ते पोट्टे मले बाई म्हणते," असं त्या माझ्या बायकोला पुन्हा पुन्हा सांगत.

अंगणात यजमानांची मोपेड उभी होती. इंजिनावरून चाक फिरवणारा पट्टा तुटल्यापासून तिच्यावर गोधड्या वाळत. सायकल वहिनींना माहेरपासून येत होती. मोपेडलाही पायडल असतातच, तेव्हा पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. शनिवारी मी सीताबर्डीच्या बाजारातून नवा पट्टा आणला.

रविवारी सकाळी कामाला सुरुवात झाली. खाटेवरून यजमान सांगत होते. बाजूचं झाकण काढा, इंजिन स्प्रिंगवर झुलतंय ते मागं दाबून धरा. दाबून धरायचं काम माझ्याकडे होतं. वहिनींनी पट्टा पायडलवरून ओवला, खाचेच्या मोठ्या चाकावर बसवला आणि मग बोटांनी इंजिनाच्या लहान चाकावर चढवला. पहिल्याच फटक्यात बसला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

एवढ्यात थोरले भाऊ येऊन पोचले. वहिनींनी पटकन डोक्यावर पदर घेतला. त्यांच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्यासमोर उघड्या डोक्यानं जायचं नाही आणि दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. थोरल्या भावांना जे काही सांगायचं, ते वहिनी मला सांगत आणि भाऊ ऐकत.

वहिनींनी स्टँडवरच पायडल मारले. इंजिन गुरगुरलं, मग ओरडलं, सगळं अंगण धुरानं भरलं, पण चाक काही फिरेना. पट्टा नुसता घसरत होता. यजमानांना शंका आली.

"त्याले काही लावलं काय वं?"

लावलं होतं. वहिनींच्या माहेरी मोटेचा चामडी नाडा तेल पाजल्याशिवाय विहिरीवर जात नसे. म्हणून रात्रभर त्यांनी नव्या रबरी पट्ट्याला जवसाचं तेल पाजलं होतं, चांगलं चोळून चोळून. यजमानांनी कपाळाला हात लावला. थोरले भाऊ फक्त एवढंच म्हणाले की आता गाद्या बांधायला घ्या.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. पण थोड्या वेळानं त्याच पट्टा काढून मोरीवर नेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या,

"भाऊजी, केसाचं तेल निघते ना? मंग याचं काहून नाही निघणार?"

आणि त्यांनी त्या पट्ट्याला शिकेकाईनं न्हाऊ घातलं. दोनही चाकांच्या खाचा बेसन लावून पुसल्या. दुपारभर पट्टा दोरीवर वाळत होता आणि थोरले भाऊ गाद्यांच्या वळकट्यांना दोर आवळत होते. दोघंही आपापल्या कामात होते, कुणी कुणाला अडवलं नाही.

सोमवारी सकाळी वळकट्या ओसरीवर तयार होत्या. मी पुन्हा इंजिन दाबून धरलं, पट्टा चढला. वहिनींनी पायडल मारले आणि मागचं चाक असं काही फिरलं की यजमान प्लास्टरसकट खाटेवरून उठायला निघाले. गाडी स्टँडवरून उतरली, एक हिसका बसला आणि वहिनी अंगणातून फाटकाकडे निघाल्या. त्या हिसक्यानं डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. दोन्ही हात हँडलला, पदर सावरणार कशानं? फाटकात तर थोरले भाऊ उभे होते.

त्यांनी ते पाहिलं मात्र, चटकन भिंतीकडे तोंड केलं. गाडी शेजारून गेली तरी वळले नाहीत. तसेच भिंतीकडे पाहत ते पहिल्यांदाच वहिनींशी बोलले.

"हळू जाय माय. पोट्टे वाट पाहून राहिले असतीन."