आमच्या दोघांची वेगळी साखर

"तुमच्या मिस्टरांची साखर काठावर आहे. डायबिटीस आहे तो तुम्हाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला वाटलं, कागद बदलले असतील.

तपासणीला आले होते ते हे. दिवेआगरहून श्रीवर्धनला मी नुसती सोबत म्हणून गेले होते. माझ्या आईला साखर होती हे ऐकून बाईंनी माझीही ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करायला लावली. म्हणजे उपाशीपोटी रक्त द्यायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. आम्ही दोघं शेजारी बसून सारखंच पाणी प्यायलो. यांची उपाशीपोटीची साखर थोडी जास्त निघाली, नंतरची ठीक. माझं नेमकं उलटं. नुसती उपाशीपोटीची बघितली असती, तर मी हसत घरी आले असते. खात्रीसाठी पुन्हा टेस्ट केली, तरी तेच.

मी पहिल्यापासून बारीक. आमच्याकडे पर्यटक राहायला येतात, त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. पाळी थांबल्यापासून जेवल्यावर डोळे मिटायला लागायचे. वयामुळे असेल, असं मी धरून चालले होते.

मला गोळी सुरू झाली. दोघं समुद्रावर फिरायला लागलो. मी तर भाताबरोबर आमटीही कमी केली. आणखी बारीक झाले, आणि सगळे कौतुक करायला लागले.

तीन महिन्यांनी एचबीए१सी केली. मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी त्यात कळते. यांची उतरली, माझी जागच्या जागी. घरी आल्यावर यांनी हळूच विचारलं, "पाहुण्यांसाठी नारळाच्या वड्या करतेस, त्यातली खातेस का?"

एवढ्या वर्षांच्या संसारात मला इतकं लागलं नव्हतं. पुढच्या तपासणीला यांना माझ्याबरोबर बाईंच्या खोलीत घेऊन गेले आणि यांच्यासमोर बाईंना तोच प्रश्न विचारला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. जेवणातली बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात, त्या म्हणाल्या. पुरुषांच्या अंगावर साधारणपणे स्नायू जास्त, बायकांच्या कमी. पाणी दोघं सारखंच प्यायलो, पण ते रिचवायला माझ्याकडे जागा थोडी. शिवाय चालताना बायकांचे स्नायू पुरुषांच्या मानाने चरबी जास्त आणि साखर कमी वापरतात. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, सांभाळून घेतं. मेनोपॉजनंतर तो आधार जातो. त्यात मी खाणं तोडलं आणि होते ते स्नायूही झिजवले.

"वहिनी चोरून खात नाहीयेत," त्या यांना म्हणाल्या. "उलट कमी खातायत. त्यांना ताकद कमवायला हवी."

यांची मान खाली गेली. माझ्या मनात मात्र दिवा लागला. वय कमी करता येत नाही, आईचा आजार पुसता येत नाही, पण स्नायू वाढवता येतात! या वयातही!

व्यायामाआधी डोळे आणि बीपी तपासून घेतलं आणि लागले कामाला. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून ओढायचा. पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायच्या, श्वास न कोंडता. ताटात अंडं, मासळी, कुळथाचं पिठलं. गोळी चालूच. सुरुवातीला मांड्या इतक्या दुखायच्या, की जिना उतरताना हसू यायचं. मग एका सकाळी भरलेला गॅस सिलिंडर मी तिरका करून स्वयंपाकघरात फिरवत नेला. कुणाला हाक मारली नाही. जेवणानंतरची पेंगही गेली होती.

पुढचा रिपोर्ट यांनीच आणला. फाटकातूनच हात वर करून दाखवत आले. साखर चांगली उतरली होती. "मी विचारायला नको होतं," हे म्हणाले. मी म्हटलं, "बरं झालं विचारलंत. नाहीतर मी अजून उपाशीच राहिले असते."

बायांनो, बारीक आहात म्हणून निर्धास्त राहू नका. जेवणानंतरची साखरही तपासा आणि व्यायाम डॉक्टरांना विचारून करा.

आता संध्याकाळी शेजारणी आमच्या अंगणात बाटल्या घेऊन येतात. त्यातल्या सगळ्यात लाजऱ्या सुमनवहिनींनी काल सगळ्यांसमोर बाही वर केली, दंड वाकवला आणि माझा हात धरून त्यावर ठेवला.

"आला की नाही गोळा?"

आला होता.