सॅमच्या यादीतली भाची

ठाण्याच्या आमच्या ऑफिसात 'सॅम' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. मार्केटिंगवाल्यांचा सॅम म्हणजे आपला माल पोचू शकेल तेवढा बाजार. विक्रीवाल्यांचा सॅम म्हणजे मोठी गिऱ्हाइकं सांभाळणारा मॅनेजर. कॉम्प्युटरवाल्यांचा आणखी तिसराच, सॉफ्टवेअरच्या परवान्यांची देखरेख. तिघं एका मीटिंगला बसले की नुसता गोंधळ. मी मोखाड्याची. आमच्याकडे सॅम म्हणजे अंगणवाडीच्या रजिस्टरातलं तीव्र कुपोषित मूल.

गेल्या दिवाळीत सूर्यमाळच्या पाड्यावर घरी गेले, तर भावाची वर्षाची मुलगी त्या यादीत. सेविकेने बजावलं होतं, सोमवारी हिला जव्हारच्या दवाखान्यात भरती करा. भात कापणीला आलेलं, घरात आणखी दोन पोरं. मला वाटलं, वहिनीला जायचं नाही.

रविवारी पोरीला न्हाऊ घालताना दिसलं, कमरेचा काळा करदोडा रुतलाय. आमच्यात करदोडा घट्ट झाला की पोर अंगाला लागलं म्हणतात. तो सैल करून बांधतात आणि गूळ वाटतात. मीच गाठ सोडली. "बघ, बाळसं धरलंय हिने. कशाला जातेस जव्हारला?" मेला माझा शहाणपणा! गूळही मीच वाटला.

मंगळवारी पोरगी दूध तोंडात घेईना. रडेनाही. ती रडत नाही हे ध्यानात आलं मात्र, धावत जाऊन सेविकेला आणलं. तिने पोरीचं पाऊल अंगठ्याने दाबलं. खड्डा पडला, तो भरेचना. बाळसं नव्हतंच, अंगावर आलेली ती सूज होती.

जव्हारपर्यंत जीपमध्ये मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसले होते. वळणावर श्वास लागला नाही की माझाच जीव जायचा. रस्त्याला, जीपवाल्याला, भावाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. स्वतःला घालायची हिंमत नव्हती.

चौथ्या दिवशी तिने वाटीभर दूध घेतलं. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. वहिनी पोरीचं तोंड पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाय, मी सोमवारी निघणारच होते. तू बोललीस म्हणून थांबले."