सुभेदाराचा फोटो

सोलापुरातल्या एका डाळिंब बागायतदार संघाच्या कार्यालयात सोळा कॉम्प्युटर आहेत आणि त्या सोळांचा वैद्य एकच, सांगोल्याकडचा धुळाप्पा. नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची. अशी पाच कंत्राटं झाली तरी गडी अजून अधांतरीच. यंदा सचिव बापूसाहेबांनी कायम करण्याचा शब्द दिला, आणि नेमका त्याच महिन्यात कॉम्प्युटरांना आजार जडला.

आजारही मोठा शिस्तीचा. सकाळी अकराला चहा आला की एकामागून एक स्क्रीन काळे पडत. चारच्या चहाला पुन्हा तेच. धुळाप्पा धावत जाई, बंद करून चालू करी, आणि सगळं सुरळीत सुरू होई. मग तो कामाच्या फायली उघडून तासभर पहाऱ्याला बसे, तेव्हा मशीन गरीब गाईसारखं चाले. दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा अंधार.

बिचाऱ्यानं काय केलं नाही? आधी व्हायरसवर आळ घेतला, मग विजेवर. शेवटी चहावाल्या मायाक्काच्या किटलीच्या वाफेवर संशय धरून त्यानं तिला दाराबाहेर उभं केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मायाक्का अशी रागावली की धुळाप्पाचा चहाच बंद झाला.

अखेर बापूसाहेबांनी सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही तर पुण्याचा माणूस बोलावणार, आणि कायम करायचं तर त्यालाच करणार. धुळाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगा कायम झाला असं त्यानं आईला, केराबाईला, आधीच कळवलं होतं आणि तिनं पेढेही वाटले होते.

गुरुवारी लेखनिक इंद्रायणीबाईंनी चष्म्यावरून बघत खडा टाकला.

"धुळाप्पा, पंधरा मशीन बंद पडतात. तुमचाच कसा पडत नाही हो?"

त्याला राग आला. आपणच काही करतोय असं बाईंना वाटतंय की काय? पण प्रश्न खोटा नव्हता. त्यानं आपलं मशीन आणि बाईंचं मशीन शेजारी मांडून तपासलं. आतला माल तोच. फरक एवढाच, की त्याच्या पडद्यावर साधा निळा रंग होता आणि बाईंच्या पडद्यावर सुभेदार.

सुभेदार म्हणजे धुळाप्पाचा माडग्याळी मेंढा, पोपटासारख्या बाकदार नाकाचा. गेल्याच महिन्यात जत्रेत पहिला आला होता. मामेभाऊ हृषीकेशनं लग्नाचे फोटो काढायच्या कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढला, तो एवढा भारी की अंगावरचा केस न् केस मोजावा. ऑफिसात सगळ्यांनी तो प्रेमानं मागून घेतला आणि आपापल्या पडद्यावर लावला. येता-जाता पंधरा सुभेदार बघून धुळाप्पाची छाती फुगे. स्वतः मात्र त्यानं लावला नव्हता. दर रविवारी गावी जाऊन त्याच्या लेंड्या भरणाऱ्याला फोटोचं काय अप्रूप?

चहाला उठताना सगळे कामाच्या फायली बंद न करता नुसत्या खाली सारत. मग अख्खा सुभेदार समोर येई आणि उघड्या फायलींच्या ओझ्यावर तो धिप्पाड फोटो पेलता पेलता जुन्या मशीनचा दम निघे. धुळाप्पानं चार वेळा करून बघितलं. चारही वेळा सुभेदार आला आणि मशीन झोपलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

व्हायरस होता म्हणून सांगितलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तसं त्याच्या मनातही आलं. पण मायाक्कावर उगीच आळ घेतल्याची त्याला फार लाज वाटत होती. त्यानं फोटो लहान करून चौदा मशीनवर चढवला, तिची माफी मागितली आणि शुक्रवारी बापूसाहेबांसमोर जाऊन खरं ते सांगितलं. दोष आपल्याच मेंढ्याचा, पुण्याचा माणूस बोलवायचा तर बोलवा, असंही म्हणाला. मग पंधराव्या मशीनवर, म्हणजे साहेबांच्याच, त्यानं लहान फोटो लावून दाखवला.

बापूसाहेबांनी पडद्याला नाक लावलं.

"ह्यात केस कुटं दिसत्यात? माझा मोठाच राहू दे."

"रोज दोनदा पडंल की, साहेब."

"मग रोज दोनदा येऊन उचल," बापूसाहेब म्हणाले आणि त्यांनी कायम नेमणुकीचा कागद पुढं ओढून सही केली. "पुण्याचा माणूस येणार हाय व्हय त्यासाठी?"